सोलांच्या घरातली उमेबोशी : मे ते जुलै २०२५

मी कुडाळ तालुक्यातली. गेली तीन वर्षं जपानच्या वाकायामा प्रांतात, मिनाबे या समुद्रकाठच्या गावात इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. एक माध्यमिक शाळा आणि दोन प्राथमिक शाळा, सगळीकडे सायकलने. हे गाव उमेचं, म्हणजे जर्दाळूसारख्या एका आंबट फळाचं. खाडीपासून डोंगरापर्यंत उमेच्याच बागा, आणि खारवून वाळवलेल्या उमेला म्हणतात उमेबोशी. दोन वर्षं शेजारच्या आजींची उमेबोशी नुसती खाल्ली. यंदा पहिल्यांदा स्वतः घातली, त्याच्या या नोंदी.

२५ मे, रविवार

सकाळी आईचा फोन. "गो, पावस इलो. सोलां सगळी खळ्यात होती."

मोसमी पाऊस आज कोकणात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची तारीख पाच जूनच्या आसपास. त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही पावसाने झोडपलेच होते. एप्रिल-मे हे रातांब्याचे, म्हणजे कोकमाच्या फळाचे दिवस. फळ फोडायचं, बिया आणि गर काढून मीठ घालून रस धरायचा (हाच आगळ), साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, संध्याकाळी परत रसात. अशी पाच-सहा पुटं बसली की साल काळपट, लवचीक आणि चकचकीत होते. ते आमचं सोल, बाकीच्या महाराष्ट्राचं आमसूल. मध्येच दोन दिवस ऊन गेलं तर बुरशी धरते. आईची यंदा दोनच पुटं झाली होती. अर्धी सोलं तिने चुलीवरच्या माळ्यावर चढवली, उरलेली टाकली.

आई रडणारी बाई नाही, पण आवाज बसला होता. माझ्याकडे गेल्या वर्षीच्या सोलांची एक पिशवी आहे. ती आता पुरवून वापरायला हवी.

फोन ठेवला आणि ठरवलं, यंदा उमेबोशी घालायची. पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचं ते आमचं काम. इथलं काम पावसात सुरू होतं आणि पाऊस संपल्यावर पुरं होतं. पावसाच्या या बाजूचं लहानपणापासून केलंय, त्या बाजूचं करून बघायचंय.

६ जून, शुक्रवार

सहा जून हा उमेचा दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या जेवणात भातासोबत प्रत्येकाला एक उमेबोशी होती.

पाचवीच्या वर्गात प्रश्न निघाला, उमेला इंग्रजीत काय म्हणायचं? पुस्तकात 'प्लम'. पण झाडाच्या नात्याने उमे जर्दाळूच्या जास्त जवळची. प्लम म्हटलं की इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोड, जांभळं फळ येतं, आणि उमेबोशी तोंडात टाकल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटेल. मी फळ्यावर जागतिक नकाशा लावला, कोकणावर बोट ठेवलं आणि कोकमाचा फोटो दाखवला. म्हटलं, हे आमचं फळ. यालाही इंग्रजीत दुसरा शब्द नाही, इंग्रजीतही कोकमच. मग मुलांनीच ठरवलं, उमे म्हणजे उमे. "दिस इज उमे. इट इज सॉल्टी अँड सावर." एकीने वहीत त्याच्यापुढे लिहिलं, "माय ग्रँडमदर मेक्स इट." 'मेक' ला एस लावायला मी तीन आठवडे शिकवत होते. आज तो आपणहून लागला.

पाचवी-सहावीला इंग्रजी हा विषय झाला २०२० पासून, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, गाणी-खेळांचे. एवढ्या तासांत मूल इंग्रजी बोलायला लागत नाही. पण आपल्या घरातली एक गोष्ट परक्या माणसाला सांगावीशी वाटणं, हे एवढ्या तासांत होऊ शकतं. मी त्याच्याच मागे असते.

९ जून, सोमवार

आमच्या भागात त्सुयू लागल्याची घोषणा झाली. त्सुयू म्हणजे इथला पावसाळा. ज्या दोन चित्राक्षरांनी तो लिहितात त्यातलं पहिलं उमे, दुसरं पाऊस. उमे पिकते तेव्हाचा पाऊस. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांतल्या सरींना आम्रसरी म्हणतात, तसंच.

होम सेंटरच्या दारातच यंदाची मांडणी झाली आहे. जाडं मीठ, मातीच्या बरण्या, दाब देण्याची वजनं, उमेच्या दारूसाठी खडीसाखर. नऊ लिटरची बरणी घेतली. आतून-बाहेरून चकाकती, तपकिरी, आजीकडच्या लोणच्याच्या बरणीची धाकटी बहीण शोभेल अशी. सायकलच्या मागे बांधून पायी ढकलत आणली.

१४ जून, शनिवार

सहा किलो नान्को जातीची उमे मिळाली, एका विद्यार्थ्याच्या घरच्या बागेतून. एप्रिलमध्ये इथे गारपीट झाली. तेव्हा फळ बोराएवढं होतं. गार लागली तिथे आता तपकिरी खवले धरलेत. त्याला बाजारात पहिल्या प्रतीचा भाव नाही. गेल्या वर्षीही पीक फार कमी होतं. हिवाळा उबदार गेला, फुलं लवकर आली, परागण नीट झालं नाही. नान्कोला स्वतःचा पराग चालत नाही, बागेत दुसऱ्या जातीची झाडं आणि मधमाश्या लागतातच. सलग दोन वर्षं असा मार बसल्यावरही त्या बाईंनी मला फळं निवडून दिली, वर म्हणाल्या, डाग सालीवर आहे, चवीत नाही. नाशिकचा द्राक्षवाला गारपिटीनंतर हेच सांगत फिरतो. मी पैसे देताना हात आखडला नाही.

मिनाबेत पिकलं फळ तोडत नाहीत. झाडाखाली जाळं अंथरतात, फळ आपसूक पडतं, ते वेचायचं. पिवळं, गालावर लाली आलेलं. घरात पिकल्या जर्दाळूसारखा वास भरला आहे. दार उघडलं की आधी तोच भेटतो.

या जातीच्या नावाची गोष्ट मला, शाळेत काम करणारीला, फार आवडते. १९५० पासून पाच वर्षं इथे गावातल्या उत्तम झाडांची निवड चालली होती. त्यात मिनाबे हायस्कूलच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पाहणीचं काम केलं. ताकादा नावाच्या बागायतदाराचं झाड सरस ठरलं. १९६५ मध्ये नोंदणी झाली तेव्हा शाळेच्या नावाचं लघुरूप दिलं, नान्को (मिनाबेचं पहिलं चित्राक्षर 'नान' असंही वाचतात). आज जपानभर लोक हे नाव घेतात ते एका गावातल्या शाळेचं नाव आहे. वर्गातल्या मुलांना हे माहीत आहे का विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. मला सांगायला मिळालं म्हणून खूश झाली.

१५ जून, रविवार

आज घातली. पद्धत नीट लिहून ठेवते.

फळं हलक्या हाताने धुतली. पिकली असल्यामुळे पाण्यात भिजत ठेवायची गरज नव्हती, हिरव्यांना लागते. फडक्यावर एकेक कोरडं केलं. देठाजवळची काळी टिकली दातकोरणीने काढायची, साल न फाडता. आजी ओट्यावर बसून माझ्या दुप्पट वेगाने काढत होत्या. त्यांचं वय ८५.

बरणी उकळत्या पाण्याने धुऊन वाळवली, मग ३५ टक्के दारूने आतून पुसली. पाच किलो उमेला ९०० ग्रॅम मीठ, म्हणजे १८ टक्के. तळाला मीठ, फळांचा थर, मीठ, परत थर, सगळ्यात वर मुठीने जास्त. ताटली, त्यावर पाच किलोचं वजन. तोंडाला कापड बांधलं. दादरा बांधताना गाठ हाताला येत होती, ती शिकावी लागली नाही.

उरलेल्या एक किलोत मी फक्त ८० ग्रॅम मीठ घातलं, वेगळ्या छोट्या बरणीत. दुकानातली हल्लीची उमेबोशी कमी मिठाची असते, ती जमते का बघावं म्हणून. आजींनी बरणीकडे पाहिलं आणि विचारलं, "सेन्सेई, ही थंडात ठेवणार ना?" मी हो म्हटलं आणि ठेवली नाही. फ्रीजमध्ये जागा नव्हती.

१९ जून, गुरुवार

मोठ्या बरणीत पाणी चढलं. चार दिवसांत फळं पूर्ण बुडाली. याला उमेझू म्हणतात, उमेचा आंबट खारट रस. बोट बुडवून चाखलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून हसले. हा आगळ आहे! रंग नाही, वास वेगळा, पण मिठाने फळातून ओढून काढलेला तोच कडक आंबटपणा. आजींना घरचा आगळ पाण्यात घालून, हिरवी मिरची ठेचून दिला होता मागे. त्यांनी तेव्हा म्हटलं होतं, हे लाल उमेझूच की. मला ते आज कळलं.

शाळेत आज सफाईच्या तासाला एका मुलाने मला फडकं दिलं आणि म्हणाला, "सेन्सेई, दोओकिन." पुस्तकी जपानीत फडक्याला झोओकिन. या प्रांतात जुनी माणसं 'झ'च्या जागी 'द' म्हणतात. हा मुलगा आजोबांकडे वाढलेला, त्याच्या तोंडी तो टिकला. मागे आजींनी फ्रीजला 'रेइदोओको' म्हटलं तेव्हा मी कितीतरी वेळ घरात ती वस्तू शोधत होते. वर्गात याच मुलाला मी इंग्रजी झेड आणि डी वेगळे म्हणायला लावते. पण त्याला हेही सांगितलं, आजोबांशी बोलताना दोओकिनच म्हण. आमच्याकडे शाळेत 'सोलं' आणि घरात 'सोलां' असं चालतंच की.

२२ जून, रविवार

लाल शिसोची पानं आली बाजारात. पालकासारखी पण कुरळी, गडद जांभळी. निवडून ५०० ग्रॅम. मीठ घालून चोळायची, काळसर जांभळं फेसाळ पाणी निघतं, ते टाकायचं. परत मीठ, परत चोळा, परत टाका. हात आठवडाभर जांभळे राहणार. मग पिळलेल्या पानांवर वाटीभर उमेझू ओतलं, आणि जांभळ्याचा क्षणात लखलखीत लाल झाला. आंबटाने रंग उजळतो. मला कारण माहीत होतं तरी दचकले. ते सगळं बरणीत, फळांवर पसरून.

मिनाबेतली बरीचशी उमेबोशी शिसोविना पांढरीच वाळवतात. मला लाल हवी होती. कोकमाच्या घरातली आहे, आंबट म्हणजे लाल असंच डोळ्यांना वाटतं.

२७ जून, शुक्रवार

त्सुयू संपला! हवामान संस्थेने आज जाहीर केलं. अठरा दिवस झाले फक्त. आमच्या भागात जूनमध्येच संपणं कधी घडलेलं नाही, १९५१ पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर तीच चर्चा, ज्यांची भातशेती आहे ते पाण्याचं बोलत होते.

माझ्या मनात एकच, ऊन आलं तर उमे बाहेर काढू. आईचा पाऊस लवकर आला, माझा लवकर गेला, मग थांबायचं कशाला? संध्याकाळी सुपं धुवायला घेतली तेव्हा कुंपणापलीकडून आजींनी विचारलं काय चाललंय. ऐकून म्हणाल्या, ऊन तयार आहे, उमे तयार नाही. महिनाभर मुरली पाहिजे. दोयो लागला की काढा. दोयो म्हणजे उन्हाळ्याचे शेवटचे अठराएक दिवस, यंदा १९ जुलैपासून. त्यात सलग तीन दिवस तीन रात्री उन्हात आणि दवात ठेवायची. मिक्का मिबान.

ऊन बघितलं की धावायचं हे माझ्या रक्तात आहे, कारण आमच्याकडे मागे पाऊस उभा असतो. इथे मागे कोणी नाही. सुपं पुसून परत भिंतीला टांगली.

८ जुलै, मंगळवार

छोटी बरणी गेली. वर पांढरी साय, तिच्यात हिरवट ठिपके, वास कुबट. एक किलो उमे टाकली. कारण सरळ आहे. आठ टक्के मीठ, बाहेर तीस अंशांपुढची हवा, आणि आजींनी विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेलं खोटं उत्तर. त्यांना जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मोठी बरणी उघडून वास घेतला, बाजू कापडाने पुसली आणि परत बांधली. आईला सांगितलं तेव्हा मात्र ती म्हणाली, "मिठात हात आखडून कोणाचा भला झाला गो?"

मोठी बरणी स्वच्छ आहे.

१८ जुलै, शुक्रवार

सत्र संपलं. मुलं कुंड्या, रंगपेट्या, वह्यांची गाठोडी घेऊन उन्हातून घरी गेली. पाचवीने माझ्यासाठी एक वही केली आहे, प्रत्येकाच्या घरची उमेबोशी इंग्रजीत. "वुई हॅव अ ट्वेंटी-इयर-ओल्ड उमे." "माय फादर इज अ उमे फार्मर. ही इज टायर्ड." दुसऱ्या वाक्याच्या मुलाने खाली गारांचं चित्र काढलंय, निळे गोळे आणि वाकडं झाड. व्याकरण तपासायला वही दिली होती. मी 'अ उमे फार्मर' चं 'ॲन उमे फार्मर' केलं आणि चित्राजवळ लाल पेन नेलं नाही.

२८ जुलै, सोमवार

हवामानाचा अंदाज सलग कोरडा. शाळेतून तीन दिवसांची रजा काढली. सकाळी सहाला पहिल्या मजल्याच्या गच्चीवर पाच सुपं मांडली. १८२ फळं, एकमेकांना न लागतील अशी. शिसो पिळून वेगळा पसरला. उमेझूची बरणीही उघडी करून जाळी बांधून उन्हात.

दुपारी एकेक फळ उलटलं. पहिल्या दिवशी साल सुपाला चिकटते, ओढलं तर फाटते. अंगठ्याने हळूच फिरवायचं. १८२ वेळा. सात फाटली.

आजींच्या पद्धतीत पहिल्या संध्याकाळी फळं परत उमेझूमध्ये बुडवतात, मग रात्रभर बाहेर. त्याने साल मऊ पडते. हे पुट आहे, दुसरं काय!

२९ जुलै, मंगळवार

साल सुरकुतायला लागली. रात्रीच्या दवाने सकाळी ओलसर होती, दुपारी मिठाचे बारीक कण चमकले. पहाटे फिरायला सेन्रीच्या किनाऱ्यावर गेले. तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात, रात्री कासवीण येऊन गेल्याची वाळूतली रुंद खूण ताजी होती. बाकी दिवस गच्चीवर.

३० जुलै, बुधवार

हे रात्री लिहिते आहे.

सकाळी रशियाच्या कामचात्काजवळ मोठा भूकंप झाला. इथे काही जाणवलं नाही. आधी फोनवर सूचना आली, काळजी घ्या एवढीच. मी तिसऱ्या दिवशीचं उलटणं सुरू केलं. पावणेदहाच्या सुमारास गावाचे भोंगे वाजले. त्सुनामीचा इशारा, होक्काइदोपासून वाकायामापर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याला, तीन मीटरपर्यंत लाटा, ताबडतोब उंचावर जा.

माझ्या हातात सूप होतं. मनात हिशेब झाला की पाच सुपं आत न्यायला दोन खेपा, चार मिनिटं. खालून आजींनी हाक मारली. त्या दारात टोपी घालून, पाठीला पिशवी लावून उभ्या होत्या. पिशवी कायम दाराशीच असते त्यांची. मी म्हटलं, उमे आत घेते आणि येते.

"उमे राहू दे," त्या म्हणाल्या. एवढंच.

१९४६ च्या डिसेंबरातल्या पहाटे नान्काईचा भूकंप झाला आणि या किनाऱ्यावर लाट आली, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. चढावर, माझ्या खांद्याला धरून चालताना सांगितलं. आईने त्यांना अंथरुणासकट उचललं होतं. घरातलं दुसरं काही घेतलं नव्हतं.

आमच्या वस्तीला नेमून दिलेल्या उंच जागी पोचलो तेव्हा निम्मी पाचवी तिथे होती. सुट्टीतले कपडे, आजी-आजोबा, एक मांजर टोपलीत. तिकडे ह्योगो प्रांतात आज ४१.२ अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला तोवरचा उच्चांक. आमच्याकडे तेवढं नव्हतं, पण सावली कमी आणि म्हातारी माणसं खूप. मोठी मुलं न सांगता पाणी वाटत फिरत होती. मी आणि एक सहकारी शिक्षिका लहानांना घेऊन तंबूखाली बसलो. त्यांना मी त्यांच्याच वहीतली वाक्यं परत म्हणायला लावली, जरा विसर पडावा म्हणून. मध्येच एकाने विचारलं, "सेन्सेई, तुमची उमे?" मी म्हटलं, गच्चीवर. तो गंभीर होऊन म्हणाला, आमचीही.

याच प्रांतात, उत्तरेला, १८५४ च्या त्सुनामीच्या रात्री हामागुची गोर्यो या माणसाने भाताच्या पेंढ्या पेटवून दिल्या होत्या, गावकऱ्यांना अंधारात उंचावरची वाट दिसावी म्हणून. इथल्या मुलांना ही गोष्ट पाठ असते. ती वाचताना मला नेहमी पेटलेलं भात दिसायचं. आज त्याच्या उजेडात उंचावर धावणारी माणसं दिसली.

अंधार पडल्यावर घरी परतलो. घर कोरडं, रस्ता कोरडा. आजींना दारापर्यंत सोडलं आणि दिवा न लावता गच्चीवर गेले. सुपं होती तिथेच होती. दुपारी न उलटल्यामुळे फळं एका बाजूने जास्त वाळली आहेत. हाताला गार लागली. दव पडायला सुरुवात झाली होती. तिसरी रात्र.

३१ जुलै, गुरुवार

पहाटे पाचला काढली. बोटांत धरून दाबली तर कानाच्या पाळीसारखी मऊ, साल अखंड. वजन अडीच किलोच्या थोडं खाली. फाटलेली सात वेगळी काढली, ती आज भातावर. बाकीची बरणीत, मध्येमध्ये वाळलेला शिसो. सहा महिने तरी उघडायची नाही म्हणतात, खारटपणा मुरायला.

पाच फळं वाटीत घालून आजींकडे नेली. त्यांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले, बी बराच वेळ गालात फिरवत ठेवली. मग विचारलं पुढच्या वर्षी किती किलो घालणार. दहा, मी म्हटलं. तर बरणी मोठी लागेल, त्या म्हणाल्या, माझी जुनी आहे मागच्या खोलीत.

त्सुनामीची सूचना दुपारी पूर्ण उठली. आईला फोन लावला, कालचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आगळ किती निघालो?"

सव्वा लिटर.

"वतू नको."